पाऊणकीचा पाढा आणि हुगळीचे पाणी

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीन वाजता. अष्टमीला आठ पाऊण सहा. एकदा दिवसाची भरती कळली की रात्रीची साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि दोहोंच्या मध्ये ओहोटी. पावकी, निमकी, पाऊणकी शाळेतून हद्दपार झाल्या त्याला आता कित्येक वर्षे लोटली. पण मुंबईपासून दक्षिणेकडच्या खाड्यांमध्ये साठी ओलांडलेला कोणीही तांडेल हा हिशेब आजही बोटांवर करून दाखवतो.

या रीतीबद्दल दोन टोकांची मते ऐकायला मिळतात. काहींना ती अडाण्यांची ठोकताळेबाजी वाटते. काहींना तिच्यात आपल्या पूर्वजांचे सर्व विज्ञान दिसते. मी इतिहासाचा किंवा भूगोलाचा पदवीधर नाही. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे कोणताही दावा समोर आला की मी आधी आकडेमोड करून बघतो. पाऊणकीचीही केली. पुढे त्या हिशेबाचा माग काढता काढता मी बंगालमधल्या हुगळी नदीपर्यंत जाऊन पोचलो. भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून गजबजलेल्या नदीतून जहाज नेणे म्हणजे काय, हे आपल्या देशात जितके हुगळीवर कळते तितके दुसरीकडे कुठे क्वचितच कळेल. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच, की पाण्याच्या ज्ञानाचे दोन भाग असतात. एक आकाशावरून काढता येतो, दुसरा त्या त्या नदीवर राहूनच मिळतो. पहिल्या भागाची नोंद इतिहासाने नीट ठेवली. दुसरा ज्यांच्याकडे होता त्यांची मात्र ठेवली नाही.

तिथी म्हणजेच वेळापत्रक

आधी पाऊणकी. भरती मुख्यतः चंद्रामुळे येते हे सर्वांना ठाऊक आहे. सूर्याचाही वाटा असतो, पण तो कमी. तिथी म्हणजे काय? चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे बारा अंश फिरायला तिला ४८ मिनिटे लागतात. म्हणून दर तिथीला चंद्र डोक्यावर यायला सरासरी ४८ मिनिटे उशीर होतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. ४८ मिनिटे म्हणजे बरोबर दोन घटका. ज्या काळी वेळ घटकांत मोजत, त्या काळी तिथीची दुप्पट केली की हिशेब पुरा होत असे. घड्याळे आल्यावर तासांत उत्तर हवे झाले. ४८ मिनिटे म्हणजे तासाचे चार पंचमांश, आणि त्याचा पाढा कोणाला येतो? पाऊणकी सर्वांना पाठ होती, तीच कामाला आली. दर तिथीला तीन मिनिटांची तूट येते. पौर्णिमेपर्यंत ती पाऊण तासाची होते आणि पंधरा पाऊण सव्वाअकरा असे उत्तर येते. खरी भरती त्या दिवशी मुंबईला बाराच्या आसपास असते. दुसऱ्या दिवशी प्रतिपदेपासून पाढा पुन्हा सुरू होतो आणि तूट आपोआप पुसली जाते.

एका महिन्याचा छापील तक्ता आणि पंचांग शेजारी ठेवून मी रोजची वेळ ताडून पाहिली. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे, पाऊणकी अर्ध्या तासाच्या आत बसते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, ती तासाभराने चुकू शकते. कारण रोजचा उशीर सारखा नसतो. उधाणाला सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढतात तेव्हा तो रोज सुमारे ३५ ते ४५ मिनिटे असतो. भांगाला दोघांची ओढ एकमेकींच्या आड येते तेव्हा तो सव्वा तासाच्याही पुढे जातो. मात्र नावाड्याला अचूक वेळ हवी असते ती उधाणालाच. तेव्हाच पाणी सर्वांत जास्त चढते, सर्वांत जास्त उतरते आणि सर्वांत जोरात धावते. भांगाला पाणी संथ असते, तासाभराची चूक खपून जाते. म्हणजे ही रीत अडाण्यांची नाही आणि सर्वज्ञांचीही नाही. जिथे चूक महागात पडते तिथे ती बरोबर उत्तर देते आणि जिथे चूक परवडते तिथे चुकते. कामाच्या हत्याराकडून याहून अधिक अपेक्षा करू नये.

पण पाऊणकी सांगते ती फक्त किनाऱ्यावरच्या एका ठिकाणची पाणी भरण्याची वेळ. खाडीच्या मुखाशी पाणी भरले की दहा कोस आत ते केव्हा भरेल, हे ती सांगत नाही. पाण्याची पातळी उतरू लागली तरी प्रवाह काही वेळ आतच वाहत राहतो, तो केव्हा वळेल हेही सांगत नाही. वाटेत वाळू कुठे साचली आहे आणि पुराचे गोडे पाणी भरतीला किती अडवील, यावर तर ती गप्पच असते. छोट्या खाडीत या गोष्टी अनुभवाने सांभाळता येतात. शे-दीडशे किलोमीटर लांबीच्या नदीत, शेकडो टनांचे जहाज घेऊन, पुढे-मागे इतर नावांची रांग असताना याच गोष्टी जिवावर बेततात.

नदी वर चढणारी लाट

कोलकाता हे बंदर समुद्रावर नाही. सागर बेटापासून तिथवर हुगळीतून सुमारे १४५ किलोमीटर आत जावे लागते, आणि सागर बेटाच्या बाहेरही उथळ समुद्रात पाऊणशे किलोमीटर वाट काढावी लागते. ईस्ट इंडिया कंपनीची मोठी जहाजे सुरुवातीला नदीत शिरायलाच धजत नसत. ओरिसाच्या बाजूला बालासोरजवळ नांगर टाकून माल छोट्या नावांत उतरवत. नदी जाणणारी माणसे तयार करावी म्हणून कंपनीने १६६९च्या सुमारास जी व्यवस्था सुरू केली, तिच्यातून पुढे बंगाल पायलट सर्व्हिस उभी राहिली.

हुगळीचे मुख नरसाळ्यासारखे आहे, बाहेर रुंद आणि आत निमुळते. उपसागरातून आलेली भरती या नरसाळ्यात कोंडून उंच होते. ती एकाच वेळी सर्व नदीत येत नाही. सागर बेटाशी भरती पुरी झाल्यावर चारेक तासांनी ती कोलकात्याला पुरी होते. म्हणजे भरती ही नदीत वर चढत जाणारी एक लांबच लांब लाट असते, आणि तिचा वेग ताशी तीसेक किलोमीटर असतो.

यातून एक चमत्कारिक हिशेब निघतो. समजा लाट ताशी ३२ किलोमीटरने वर चढते आहे. एका ठिकाणी प्रवाह पाच तास वर आणि साडेसात तासांना थोडा कमी वेळ खाली वाहतो. नाव पाण्याच्या ओढीसह ताशी दहा किलोमीटर जाते. मुखाशी भरती सुरू होताच निघालेली नाव लाटेच्या दिशेनेच चाललेली असते. त्यामुळे तिला भरती पाच तासच मिळत नाही. ती जसजशी वर जाते तसतशी तिथली भरती उशिरा संपणार असते. हिशेब मांडला तर तिला सव्वासात तास अनुकूल पाणी मिळते आणि ती ७३ किलोमीटर जाते. उलट वरून ओहोटीबरोबर निघालेली नाव पुढच्या भरतीच्या तोंडावर चाललेली असते. ओहोटी एका जागी जास्त वेळ टिकत असूनही तिला साडेपाच-पावणेसहा तासच मिळतात, आणि ५६ किलोमीटरवर भरती तिला आडवी येते. तोच मार्ग, तीच नाव, तोच वेग. तरी वर जायला दोन पाणी आणि खाली यायला तीन. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत, पण तत्त्व प्रत्येक लांब खाडीला लागू आहे. हुगळीवरचा माझी, म्हणजे नावेचा मुख्य नावाडी, हा हिशेब कागदावर मांडत नव्हता. वर जाताना सलग निघायचे आणि खाली येताना अमक्या घाटाला नांगर टाकून भात शिजवायचा, असा त्याचा दिनक्रमच या हिशेबावर बेतलेला असे.

बंगालीत भरतीला जोआर म्हणतात आणि ओहोटीला भाटा. उधाणाला भरा कोटाल, भांगाला मरा कोटाल. भरलेले आणि मेलेले पाणी ही कल्पना आपल्या उधाण-भांगाची सख्खी बहीण वाटते. भाषा वेगळी, किनारा वेगळा, पण पाण्याची विभागणी तीच आणि तिची मोजणी तिथीवरच.

तिथीला न जुमानणारा पूर

तिथीवर विसंबणाऱ्याला हुगळी एका ठिकाणी धडा शिकवते. कोकणातल्या खाडीत पावसाळ्यात गोडे पाणी येते, पण नद्या आखूड असल्याने पूर लवकर ओसरतो. हुगळी ही गंगेची शाखा. तिला महिनोन्महिने पुराचे पाणी येत राहते. जुन्या नोंदींप्रमाणे मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत भरतीची सरासरी चढ सोळा फुटांपर्यंत जाई. पावसाळ्यात ती दहा फुटांवर येई, आणि ऐन पुरात अवघी साडेतीन फूट उरे. तिथी तीच, पौर्णिमा तीच, चंद्र तोच. पण चैत्रातल्या पौर्णिमेचे पाणी आणि श्रावणातल्या पौर्णिमेचे पाणी यांत एवढे अंतर. पुराच्या दिवसांत वर जाणाऱ्या नावेला भरती जेमतेम थबकलेले पाणी देते. तेव्हा गुण काढावा लागतो, म्हणजे काठावरून दोरीने नाव ओढावी लागते, किंवा अनुकूल वाऱ्याची वाट पाहत पडून राहावे लागते. खाली जाणारा मात्र दिवसभर सुसाट सुटतो.

उधाणाच्या भरतीचे आणखी एक रूप हुगळीवर आहे. बंगालीत त्याला बान म्हणतात. निमुळत्या, उथळ पात्रात भरती इतकी कोंडते की तिच्या पुढच्या टोकाला पाण्याची भिंत उभी राहते आणि ती गर्जना करत नदीतून वर धावत येते. हुगळी पॉइंटपाशी, जिथे नदी एकाएकी अरुंद होते, तिची उंची सात फुटांवर गेल्याच्या नोंदी आहेत. कोलकात्यापर्यंत ती जाणवते. सर्वांत दांडग्या बानाला तिकडे षांडाषांडीर बान म्हणतात, झुंजणाऱ्या सांडांवरून. बान काठाजवळच्या उथळ पाण्यावर फुटतो आणि मधल्या खोल पाण्यात फक्त मोठी उसळी येते. म्हणून बान आल्याची हाळी ऐकू येताच काठाला बांधलेल्या नावा भराभर सोडून नदीच्या मध्यावर न्यायच्या, अशी रीत. काठ सुरक्षित आणि मधली धार धोक्याची, हा नदीचा नेहमीचा नियम त्या काही मिनिटांपुरता उलटा होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो नाव काठाला घट्ट बांधतो आणि गमावतो. मोठ्या जहाजांसाठी बंदरात बानाच्या दिवसांत जाड साखळ्यांची वेगळी बांधणी असे.

जेम्स अँड मेरी

हुगळीवरची सर्वांत कुप्रसिद्ध जागा म्हणजे फलता आणि हुगळी पॉइंट यांच्यामधली वाळू. पश्चिमेकडून दामोदर आणि तिच्या खाली रूपनारायण अशा दोन नद्या इथे थोड्या अंतराने हुगळीला मिळतात. तिन्ही प्रवाह एकमेकांना अडवतात, पाणी मंदावते, आणि मंदावलेले पाणी हातातली वाळू खाली टाकते. या वाळूला जेम्स अँड मेरी म्हणतात. नावाची एक व्युत्पत्ती फार लोकप्रिय होती, की मूळ शब्द ‘जल मरी’ असा असून इंग्रजांनी त्याचा अपभ्रंश केला. ऐकायला पटते, आपल्याला आवडतेही. पण ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाचे कर्ते हेन्री यूल यांनी कंपनीची जुनी पत्रे पाहून ती खोडून काढली. १६९४ साली ‘रॉयल जेम्स अँड मेरी’ नावाचे जहाज या वाळूवर आपटून बुडाले, त्यावरून हे नाव पडले. लोकव्युत्पत्तीच्या मोहात पडणाऱ्या आमच्यासारख्या हौशी संशोधकांनी हे उदाहरण टेबलासमोर लावून ठेवावे.

या वाळूवर जहाज नुसते रुतत नाही. तळ टेकला की प्रवाह त्याला आडवे करतो आणि बाजूने दाबून उलथवतो. खालची वाळू भुसभुशीत असल्याने मोठमोठी जहाजे पाहता पाहता दिसेनाशी होत. म्हणून ही जागा ओलांडायची ती वेळ साधून. पाणी चढत असताना ओलांडणे त्यातल्या त्यात बरे, कारण तळ टेकलाच तरी चढते पाणी जहाज उचलण्याची आशा असते. उतरत्या पाण्यात टेकलेल्या जहाजाला पुढच्या भरतीपर्यंत दम धरावा लागतो, आणि या जागी तेवढा दम धरणे बहुधा शक्य नसते. पण अगदी भरतीच्या शिगेला येऊनही भागत नाही. ही वाळू पार केली तरी वर मोयापूरसारख्या आणखी उथळ जागा असतात. तिथे पोचेपर्यंत पाणी टिकले पाहिजे. म्हणजे एका जागेची वेळ साधून उपयोग नाही, पुढच्या प्रत्येक जागेची वेळ तिच्यात बांधलेली. रेल्वेच्या गाड्यांचे जुळणे आपल्याला समजते, तसे हे पाण्याचे जुळणे. फरक इतकाच, की इथे स्थानकेच जागा बदलतात. वाळू सरकते. गेल्या महिन्यात जिथे तीन वाव पाणी होते तिथे आज दोनही नसेल. त्यासाठी नदीचा तळ पुन्हा पुन्हा मोजला जाई, आणि पाणी किती चढले आहे ते नदीकाठच्या खांबांवरच्या खुणांनी येणाऱ्या जहाजाला दाखवले जाई.

हे काम करणाऱ्या बंगाल पायलटांना मोठा मान आणि मोठा पगार होता. आरंभी शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने खोली मोजण्याची उमेदवारी, मग मेट पायलट, मग मास्टर पायलट आणि शेवटी ब्रँच पायलट, अशी वर्षानुवर्षांची चढण असे. रड्यार्ड किपलिंगने त्यांच्यावर कथा लिहिली. स्वतः मिसिसिपीवर पायलट राहिलेला मार्क ट्वेन १८९६ साली हुगळीवरून गेला तेव्हा त्याला आपली नदी आठवली. या साहित्यामुळे हुगळीचा पायलट जगाला माहीत झाला. पण तो गोरा पायलट. ज्यांच्या नावांतून तो तळ मोजत असे ते खलाशी, मालवाहू नावा चालवणारे माझी, मोठ्या आगबोटींवरचे सारंग, तांडेल आणि सुकाणी यांची नावे क्वचितच कुठे येतात. यातले तांडेल आणि सुकाणी हे शब्द इंग्रजी जहाजांच्या हजेरीपटांतही थोड्याफार अपभ्रंशाने गेले. त्या हजेरीपटांवर आपल्या रत्नागिरी किनाऱ्याची माणसेही होती. शब्द दप्तरात शिरले आणि माणसे बाहेर राहिली, असे हे चित्र आहे.

वाफ आली, तरी वेळ सुटली नाही

१८२३ साली ‘डायना’ ही आगबोट कोलकात्यात पाण्यावर उतरली. पुढे शिडाच्या जहाजांना ओढून नेणाऱ्या आगबोटी आल्या. आता भरती-ओहोटीची गुलामी संपली, असे कोणालाही वाटेल. प्रवाहापुरते ते खरे होते. यंत्र प्रवाहाविरुद्ध ढकलू शकते. पण यंत्राला पाणी वाढवता येत नाही. वाफेमुळे जहाजे मोठी झाली, अधिक खोल बुडू लागली, आणि उथळ जागा ओलांडायला त्यांना पूर्वीपेक्षा जास्त पाणी लागू लागले. शिडाचे छोटे जहाज ज्या वाळूवरून अर्ध्या भरतीला सरकून जाई, तिथे लोखंडी आगबोटीला पूर्ण भरतीची वाट पाहावी लागे. प्रवाहाची पर्वा कमी झाली आणि खोलीची वाढली. एकूण वेळेचे बंधन उलट घट्टच झाले.

म्हणूनच भरतीचे भाकीत ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी गरज बनली. विल्यम थॉमसन, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७२-७३च्या सुमारास भरतीचे गणित करणारे यंत्र बनवले. त्यामागची कल्पना सुंदर आहे. भरती ही एक लाट नसून ठरावीक आवर्तनांच्या अनेक लाटांची बेरीज आहे असे धरायचे. चंद्राची मुख्य लाट दर बारा तास पंचवीस मिनिटांची, सूर्याची दर बारा तासांची. दोघी चौदा दिवस अठरा तासांनी एकमेकींना गाठतात, तेच उधाण. मधोमध विरुद्ध पडतात, तोच भांग. अशा प्रत्येक लाटेसाठी एक कप्पी, सर्व कप्प्यांवरून जाणारी एकच तार, आणि तिच्या टोकाला लेखणी. दांडा फिरवला की वर्षभराची भरती कागदावर उमटते. हिंदुस्थानच्या बंदरांसाठी असे वीस लाटांचे यंत्र एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली १८७९ साली लंडनमध्ये तयार झाले. यंत्राला आधी प्रत्यक्ष मोजणी पुरवावी लागते. ती मोजणी सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेअर्ड या अधिकाऱ्याने किनाऱ्यावर यंत्रे बसवून केली. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८पासून पाण्याची पातळी नोंदली जाऊ लागली. हुगळीवर सागर बेटाच्या दुबलातला, डायमंड हार्बरला आणि खिदिरपूरला नोंदी झाल्या. १८८१पासून हिंदी बंदरांचे छापील तक्ते मिळू लागले.

आता पाऊणकी आणि हे यंत्र शेजारी ठेवून पाहा. दोघांचा पाया एकच, चंद्र-सूर्यातले अंतर. पाऊणकी रोजचा सरासरी उशीर धरते. यंत्र तो उशीर उधाणाला कमी आणि भांगाला जास्त कसा होतो हेही दाखवते, आणि पाणी किती चढेल तेही सांगते. यंत्र निःसंशय पुढचे आहे. पण दोघांची मर्यादाही एकच आहे. उत्तरेकडच्या पावसाने नदीत किती पूर येईल आणि मोयापूरची वाळू या आठवड्यात कुठे सरकली, हे आकाशात लिहिलेले नसते. ते नदीवर जाऊनच पाहावे लागते. म्हणून उत्तम तक्ते हाती आल्यावरही हुगळीवर पायलट लागतच राहिला, आणि आजही लागतो. १९७५ साली फराक्का बंधाऱ्यातून सेकंदाला चाळीस हजार घनफूट पाणी हुगळीत सोडून गाळ धुऊन काढण्याचा बेत अमलात आला. खोल बुडणाऱ्या जहाजांसाठी १९७७ साली खाली हल्दियाला गोदी सुरू झाली. गाळाने कोणाचेच पूर्ण ऐकले नाही. मोठी जहाजे अजूनही भरतीची वाट पाहतात.

आपल्या खाड्यांचे काय?

हुगळीवर निदान बंदर टिकले, म्हणून पायलट आणि नोंदीही टिकल्या. आपल्याकडे दाभोळपासून वाशिष्ठीतून चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत भरतीबरोबर माल जात असे. वसईच्या खाडीतून कल्याणपर्यंत गलबते जात. पूल झाले, रस्ते झाले, आणि ती वाहतूक संपली. ते होणेही योग्यच होते. भरतीची वाट पाहत आजारी माणसाला धक्क्यावर ताटकळत ठेवण्याचे दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही.

मात्र वाहतुकीबरोबर ज्ञानाचा दुसरा भागही जात चालला आहे. पहिल्या भागाची मला काळजी नाही. मुंबईची भरती केव्हा, हे आज मोबाइलवर मिनिटासकट दिसते. पण खाडीच्या मुखाशी भरलेले पाणी आत अमुक गावाच्या धक्क्याला किती वेळाने पोचते, पातळी उतरू लागल्यावर प्रवाह वळायला तिथे किती वेळ लागतो, पावसाळ्यात त्यात किती फरक पडतो, कोणत्या वळणावर वाळू साचते आणि ती टाळायला कोणती झाडे किंवा कोणते देऊळ ओळीत धरायचे, हे मोबाइलवर नाही. छापील तक्त्यात नाही आणि पाऊणकीतही नाही. ते अजून काही माणसांच्या डोक्यात आहे. खाडीत पूर शिरतो, मासेमारीची होडी वाळूवर अडते किंवा कुणी वाहून जातो, त्या रात्री नेमके हेच लागते.

वाचकांपैकी जे खाडीकाठचे असतील त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर एवढे करावे. गावातल्या जाणत्या तांडेलाला भेटून वर दिलेले प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत उतरवावीत. शेजारी तिथी आणि घड्याळाची वेळ लिहावी. उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी धक्क्यावर उभे राहून एक-दोन भरत्या स्वतः ताडून पाहाव्यात. आणि वहीच्या पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नये.